तीनच्या खेळाला झोपलेली बाई

आमची ही घड्या घालायची. तुमच्या घरची काय करते असं कुणी विचारलं की मी एवढंच उत्तर द्यायचो, आणि समोरचा हमखास हसायचा. घड्या तर काय, घरोघरी सगळेच घालतात. दिवसाला सहाशे चादरींच्या घड्या घालणारी बाई त्यांनी पाहिलेली नसायची, आणि मीही समजावत बसायचो नाही. बावीस वर्षं ती गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. आता तिला जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या कपाटातल्या घड्या हल्ली मीच घालतो आणि त्या बघवत नाहीत.

मी शिंपी. नवे कपडे शिवायला माझ्याकडे फारसं कुणी येत नसे. लांब पँट आखूड कर, सैल कोट आवळ, उसवलेली चेन बदल, असली कामं. माणसं जाड-बारीक होत राहतात त्यावर माझं पोट चाललं. पुढे दुकान, मागे आमची खोली आणि मध्ये पडदा. कामावर जाताना ही पडदा बाजूला करून माझ्यामागे क्षणभर उभी राहायची आणि म्हणायची, "डावा पाय अर्धं बोट लांब झालाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती गेली की मी गुपचूप टेप लावून बघायचो. अर्धं बोटच असायचं. धुलाईखान्यातल्या बायका तिला फूटपट्टी म्हणायच्या ते काही उगाच नाही.

धुलाईखाना हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होता. उंच छताच्या दोन खोल्या. एकीत धुण्याचे मोठाले ड्रम, दुसरीत रोलर. रोलर म्हणजे दीड पलंगाच्या लांबीचं इस्त्रीचं यंत्र, आत वाफेने तापलेले लोखंडी दंडगोल. अलीकडून दोघींनी ओली चादर एकेका टोकाला धरून आत सरकवायची, पलीकडे ती कोरडी आणि सपाट होऊन यायची. तिथे आणखी दोघी उभ्या, आणि तासातासाला या दोन जोड्या बाजू बदलायच्या. त्यांनी टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक मिळवायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा दारातून बघत राहिलो होतो. वाफेत त्या बायका नुसत्या येत होत्या, जात होत्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि घड्यांचा ढीग वाढत होता. मला आपल्या बायकोचा फार अभिमान वाटला. तसं तिला कधी सांगितलं नाही, ही माझी खोड.

हॉस्पिटलच्या फाटकावर पाटी हॉस्पिटलची, चादरींवर शिक्का हॉस्पिटलचा, पाळी सुटल्याची घंटा हॉस्पिटलची. बायका तेवढ्या कंत्राटदाराच्या. हॉस्पिटलच्या कायम नोकरांना फोटो लावलेलं ओळखपत्र होतं. या बायकांना आत जाताना पुठ्ठ्याचा एक तुकडा मिळायचा, त्यावर नंबर, आणि जाताना तो मुकादमाच्या डब्यात टाकायचा. म्हणजे घरी येताना बाई कुठल्याच नंबरची नसायची. अकरा वर्षं हे असंच चाललं आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या काळी आम्ही इतके भोळे होतो म्हणू, की इतके बावळट म्हणू, माझं अजून ठरत नाही.

कंत्राटदाराचा एक नियम होता. काम जोडीचं, म्हणून हजेरीही जोडीची. एक आली नाही तर दुसरीचाही खाडा. आलेली बाई फाटकातून परत जायची. आणि आठवड्याची सुट्टी? ती धुणं कमी असेल तेव्हा. हॉस्पिटलात धुणं कमी कधी असतं ते मला कुणीतरी सांगावं.

मग बायकांनी त्यावर आपला तोडगा काढला. त्याला त्या 'जागेवर उभं राहणं' म्हणायच्या. दुपारच्या पाळीच्या एखादीला अडचण आली तर सकाळच्या पाळीची कुणीतरी दोन वाजता घरी न जाता तशीच तिच्या जागेवर उभी राहायची आणि हजेरीपत्रकावर तिच्या नावाची सही ठोकायची. सोळा तास सलग. कधी ही तिच्यासाठी, कधी ती हिच्यासाठी. जोडी पूर्ण, त्यामुळे कुणाचाच खाडा नाही. मुकादम दारातून डोकी मोजायचा आणि निघून जायचा. प्रेमाने केलेली गोष्ट होती हो ती. आता कागदावर तिला खोटी सही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, पण त्यातलं प्रेम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हिच्या जागेवर बहुतेक वेळा शिडी उभी राहायची. शिडी हे बायकांनीच ठेवलेलं नाव; आमची ही दुपारच्या पाळीची, ती सकाळच्या. उंच, हडकुळी, बोलायला फटकळ, आणि आमच्या घरी आली की दारात डोकं वाकवून यायची, दार तेवढं ठेंगणं नव्हतं तरी. तिची सासू आजारी असताना ही चार वेळा सकाळी सहालाच जाऊन तिच्यासाठी उभी राहिली होती. त्यामुळे हिशेब वगैरे त्या दोघींत काही नव्हताच.

आता माझा गुन्हा सांगतो. सिनेमाघराच्या व्यवस्थापकाचा कोट मी दुरुस्त केला होता. त्याने खूश होऊन तीनच्या खेळाची दोन तिकिटं दिली. लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती आणि आम्ही जोडीने सिनेमा पाहिला त्याला पंधरा. मी हिच्या मागे भुणभुण लावली. ती नाही म्हणाली. मी तोंड पाडून बसलो. तोंड पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. शेवटी तिने ते शिडीला सांगितलं, हसण्यावारी नेण्यासाठीच, तर शिडी म्हणाली, जा गं, तेवढंच त्या शिंप्याचं तोंड सरळ होईल, मी उभी राहते.

त्या दुपारी हिने ठेवणीतले कपडे घातले. केस दोनदा विंचरले. आम्ही खारे दाणे घेऊन आत शिरलो, दिवे गेले, पडद्यावर नावं सुरू झाली आणि ती संपायच्या आत ही झोपली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मी एकदा हलवलं, म्हटलं, अगं गाणं आलं. तिने हूं केलं आणि पुन्हा झोपली. मध्यंतरात दिवे लागले तरी जाग नाही. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग हळूच मी खांदा थोडा खाली केला म्हणजे तिची मान अवघडणार नाही. तीन तास मी तसाच बसलो. एवढं सुख मला त्याआधी आणि त्यानंतर फार वेळा मिळालेलं नाही. आणि त्याच वेळी, सहाला वीस मिनिटं कमी असताना, तिकडे शिडीचा उजवा हात रोलरमध्ये गेला.

आम्ही हसत हसत घरी आलो तर हिची जोडीदारीण दुकानाच्या पायरीवर बसलेली. तिने सांगितलं. रोलरच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून एक पट्टी असते, ती काम मंदावतं म्हणून मुकादमाने कधीच काढून ठेवली होती. बारा तास उभ्या असलेल्या बाईचा डोळा पळभर मिटला आणि बोटं चादरीबरोबर आत गेली. ही तशीच, ठेवणीतल्या कपड्यांत, चपला हातात घेऊन पळत सुटली.

शिडीची तीन बोटं गेल्यात जमा झाली. ती त्याच हॉस्पिटलात पडून होती, बहुधा हिनेच घडी घातलेल्या चादरीवर. आणि चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या कार्यालयातून तिला एक पत्र आलं. हजेरीपत्रकाप्रमाणे तुमची पाळी दोन वाजता संपली. त्या वेळी रोलरवर दुसरी कामगार हजर होती, तिची सही आहे. तुम्ही बाहेरची व्यक्ती म्हणून विनापरवाना आत शिरलात. सबब हॉस्पिटल जबाबदार नाही, आणि कंत्राटदारही नाही. उपचाराचं बिल सोबत.

दुसरी कामगार म्हणजे आमची ही. जी तेव्हा माझ्या खांद्यावर घोरत होती.

ही पत्र घेऊन शिडीपाशी गेली. मीही मागोमाग गेलो. ही म्हणाली की मी सांगते, मी नव्हते म्हणून. शिडीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने आधीच मुकादमाला लिहून दिलं होतं, की मी आपल्या मर्जीने आत गेले, मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तू मिठाची गुळणी धरून बस," शिडी म्हणाली. "माझा हात गेला तो गेला. तुझी नोकरी कशाला घालवतेस त्याच्यामागे?"

त्या वॉर्डातल्या नर्सबाई मात्र हे ऐकत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की केसपेपरवर त्यांनी स्वतः वेळ लिहिली आहे आणि धुलाईखान्यातून आणलं असंही लिहिलं आहे, ते आता कुणाला खोडता येणार नाही. कामगार कार्यालयात अर्ज करा, म्हणाल्या. कंत्राटी माणसालाही कायदा असतो. मी घरी येऊन अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढाच माझा त्यात वाटा.

सुनावणीच्या आठवडाभर आधी कंत्राटदार माझ्या दुकानात आला. जाडजूड, गोड बोलणारा माणूस. कोट आवळायला म्हणून आला, पण त्या देहावर आवळण्यासारखं काही नव्हतं. त्याने सरळच विषय काढला. तुमच्या मंडळींनी फक्त एवढंच म्हणायचं की मी त्या दिवशी रोलरवर होते. सही आहेच. ती बाई अचानक आत आली आणि तिने हात घातला. बस. पुढच्या महिन्यापासून त्यांना हॉस्पिटलच्या कायम यादीत घालण्याचं माझ्याकडे लागलं. फोटोचं ओळखपत्र, सुट्ट्या, म्हातारपणची सोय.

इथे मला खोटं लिहायचं नाही. मी मान डोलावली. अकरा वर्षं ही रोज उभी राहून पाय सुजवून येत होती आणि म्हातारपणाची सोय हे शब्द माझ्या कानांना फार गोड लागले. शिडीचा हात काही परत येणार नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

कंत्राटदार गेला. मग पडदा बाजूला झाला. ही मागे उभी होती, सगळं ऐकत.

"त्या वेळी मी कुठे होते ते जगात एकाच माणसाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला. तुमच्याच खांद्यावर होते."

पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा भरायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, चल, दोघंही जाऊ सुनावणीला, काय व्हायचं ते होऊ दे. तिने नुसतं, "अहो, चहा थंड होतोय," म्हटलं. मी ओळखलं की मला माफी मिळाली.

कामगार कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं आणि बसायला बाकडी. अधिकारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कंत्राटदार, त्याचा वकील, मुकादम, हॉस्पिटलचा एक कारकून एका बाजूला. शिडी हात गळ्यात अडकवून दुसऱ्या बाजूला, एकटीच, आमच्याकडे न बघता. हिने उभं राहून सांगितलं की मी त्या दिवशी कामावर नव्हते, माझ्या जागेवर ही उभी होती, सही माझी नाही.

वकील हसतमुख होता. त्याने विचारलं की मग आपण कुठे होता. ही म्हणाली, सिनेमाला. बाकड्यांवर हशा पिकला. वकिलाने तेवढ्यावर सोडलं नाही.

"छान. मग सिनेमाची गोष्ट सांगा बघू."

हिने माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. वकील म्हणाला की थोडीशी सांगा, नायक काय करतो, नायिका कोण, शेवट काय होतो. ही गप्पच. वकिलाने अधिकारी बाईंकडे वळून हात पसरले. सिनेमा बघितलेला नाही हे उघड आहे, मैत्रिणीसाठी बाई खोटं बोलतायत, सही म्हणते तेच खरं.

"मला झोप लागली," ही म्हणाली. "नावं चालू होती तेव्हाच लागली. ह्यांना विचारा."

आता तर सगळी खोली हसायला लागली. मुकादमही हसला. मी उभा राहिलो. मी सांगितलं की होय, ही पूर्ण वेळ झोपली होती, गोष्ट मला येते, हवी तर मी सांगतो. वकील म्हणाला, नवऱ्याची साक्ष, वा. पुन्हा हशा.

अधिकारी बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला आणि हिला विचारलं, "त्याआधी सुट्टी कधी घेतली होती?"

ही आठवत राहिली. मग म्हणाली, "दिराच्या लग्नाला."

"त्याला किती दिवस झाले?"

हिला सांगता येईना. मी सांगितलं, चौदा महिने.

बाईंनी कंत्राटदाराकडे साप्ताहिक सुट्ट्यांचं रजिस्टर मागितलं. ते तयारच होतं, नवंकोरं, आणि त्यात हिला दर सातव्या दिवशी सुट्टी दिलेली होती. बाईंनी ते हजेरीपत्रकाशेजारी ठेवलं आणि बोटाने एकेक तारीख ताडून बघायला लागल्या. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. ज्या ज्या दिवशी सुट्टी दिली होती, त्या प्रत्येक दिवशी हजेरीपत्रकावर ही हजर होती.

"म्हणजे ही बाई एकाच दिवशी दोन ठिकाणी असते," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे हे नेहमीचंच दिसतंय."

मग बाईंनी मुकादमाला उभं केलं. त्या दिवशी रोलरवर कोण होतं असं विचारलं. तो म्हणाला, रजिस्टरात आहे तीच. तुम्ही हजेरी घ्यायला आत गेला होता ना, मग चेहरा कुणाचा होता? मुकादम ततपप करायला लागला. कंत्राटदार त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता, त्यामुळे तो आणखीच गोंधळला आणि त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

"चेहरे कोण बघतं, बाई? मी डोकी मोजतो."

त्या बाईंनी हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मग त्या शिडीकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुमचं लेखी म्हणणं माझ्यापुढे आहे, तुम्ही आपल्या मर्जीने आत गेलात. ते खरं का? शिडी मान खाली घालून बसली. हिला राहवेना. ती शिडीसमोर जाऊन उभी राहिली. "बोल गं," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू तिथे होतीस ना? मग होतीस म्हण." आणि ती सहा फुटी फटकळ बाई, जिने हात गेला तेव्हाही टिपूस गाळलं नव्हतं म्हणे, तिथे सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली आणि म्हणाली, होते. सकाळी सहापासून होते.

निघताना अधिकारी बाईंनी दोघींना चांगलं सुनावलं. दुसऱ्याची सही करणं ही चूकच, पुन्हा करायची नाही. पण मग हॉस्पिटलच्या कारकुनाला जे सांगितलं ते मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलं आहे. कामाचा ठेका देता येतो, जबाबदारीचा देता येत नाही. हजेरीपत्रक नीट ठेवणं, ओळखपत्र देणं, सुट्टी देणं, यंत्राला पट्टी बसवणं ही कामगाराची कामं नव्हेत. कंत्राटदाराने केली नाहीत तर ज्याच्या छपराखाली काम चालतं त्याने करायची. कारकून खाली बघून टाचणी वाकवत होता.

दुसऱ्या दिवशी हिला फाटकातून परत पाठवलं. पुठ्ठ्याचा तुकडा मिळाला नाही. पुढचे पाच महिने ती माझ्या दुकानात बसून काजबटणं करत होती, आणि त्या पाच महिन्यांत तिने माझ्या नाकात दम आणला. मी घडी घातलेला प्रत्येक कपडा उलगडून पुन्हा घडी घालायची. गिऱ्हाईकासमोर म्हणायची, थांबा, यांचा डावा पाय नेहमी चुकतो. गिऱ्हाइकं मात्र वाढली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात भांडणाचे महिने, आणि आज कुणी म्हणालं की कुठले दिवस परत हवेत, तर मी तेच मागेन.

निकाल दीड महिन्याने आला. तो घ्यायला आम्ही तिघं गेलो. शिडीला वाचता येत होतं, पण तिने कामगार कार्यालयातल्या कारकुनाला मोठ्याने वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी सदर कामगार हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामावर होती. सदर कामगार म्हणून शिडीचं पूर्ण नाव होतं, वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं. उपचार, भरपाई, झेपेल असं काम, हे सगळं हॉस्पिटलने द्यायचं, कंत्राटदाराकडून नंतर हवं तर वसूल करायचं. खरं सांगितलं म्हणून आमच्या हिला काढलं तेही चालणार नाही. तिला तिच्या जागी परत घ्यायचं. शिडीने 'कामावर होती' एवढं वाक्य तीनदा वाचायला लावलं. कारकून वैतागला, पण त्याने वाचलं.

मग आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. शिडीने हिला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "सिनेमा कसा होता गं?" ही म्हणाली, मला काय विचारतेस, मी कुठे पाहिला. मग त्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्या पायऱ्यांवर बसून सगळा सिनेमा सांगितला, गाण्यांसकट. ही मध्येमध्ये विचारायची, मग त्याच्या आईचं काय झालं? शिडी म्हणायची, थांब गं, सांगू दे त्यांना. येणारे-जाणारे बघत होते. मी अजिबात लाजलो नाही.

निकाल लागला म्हणजे लगेच सगळं झालं असं नाही. हॉस्पिटलने आधी चालढकल केली, मग कार्यालयाने दोन नोटिसा धाडल्या, मग कुठे हललं. शिडीला कपडे मोजून घेण्याच्या टेबलावर बसवलं, ती डाव्या हाताने लिहायला शिकली आणि मुकादमापेक्षा चांगलं लिहायला लागली. नवा कंत्राटदार आला. बायकांना फोटोची ओळखपत्रं मिळाली. हिने आपलं घरी आणून मला दाखवलं आणि म्हणाली, फोटोत मी केवढी म्हातारी दिसते. सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लागला. त्यात हिची सुट्टी गुरुवारी होती.

तो पहिला गुरुवार मला कालच्यासारखा आठवतो. मी तिला उठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण मी पडदा सारून मशीनवर बसतो न बसतो तोच आतून हाक आली. ही अंथरुणावर उठून बसली होती, केस विस्कटलेले, चेहरा घाबरलेला.

"अहो, माझ्या जागेवर आज कोण उभं राहणार?"

मी म्हणालो, अगं, कुणी नाही, आज तुझी सुट्टी आहे, हक्काची. तिला ते पटेना. कुणीतरी असणारच ना, ती म्हणाली, रोलर काय रिकामा फिरणार? मी खूप समजावलं. नाश्ता केला, तिने दोन घास खाल्ले. दुपारी दोनची घंटा ऐकू आली तशी ती उठली, चपला घातल्या आणि चालायला लागली. मी दुकान तसंच टाकून मागे गेलो, वाटभर कुरकुरत, की लोक सुट्टीत कुठे कुठे जातात आणि आमची ही कामावर निघाली.

ती आत गेली नाही. धुलाईखान्याच्या दारातच थांबली. रोलरला नवी पट्टी बसवली होती, पिवळ्या रंगाची. हिच्या जागेवर एक अनोळखी तरुण बाई चादरीचं टोक धरून उभी होती. सुट्टीवाल्यांच्या जागी काम करायला हॉस्पिटलने मुद्दाम दोघी-तिघी नेमल्या होत्या, त्यांतली. गळ्यात ओळखपत्र. ही तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होती. मग जवळ गेली आणि तिने तिला नाव विचारलं. तिने सांगितलं.

"सही त्याच नावाने केलीस ना?" हिने विचारलं.

ती बाई गोंधळली. "हो. मग कुणाच्या नावाने करणार?"

"सकाळच्या पाळीला नव्हतीस ना?"

"नाही हो. आत्ताच आले."

हिने मान हलवली. घरी येऊन तिने चपला काढल्या, पडद्यामागे जाऊन आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. अगदी तशीच, तोंड थोडं उघडं ठेवून. मी मशीनवर बसलो. एका गिऱ्हाइकाची पँट संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मी पाय मशीनच्या पायडलवर ठेवला आणि पुन्हा काढून घेतला. मशीन फार आवाज करायचं. ती पँट मी हाताने शिवली, एकेक टाका घालत, आणि ती उठेपर्यंत शिवत राहिलो.